वनस्पती वर्गीकरणातील 'प्रकार' ही श्रेणी : अर्थ, व्याप्ती आणि 'वाण' या संकल्पनेपासून तिचा भेद

सारांश

वनस्पती वर्गीकरणात जातीच्या खालच्या पातळीवर 'उपजाती', 'प्रकार' आणि 'रूप' या श्रेणी वापरल्या जातात. त्यांपैकी 'प्रकार' या श्रेणीला लिनियसपासूनची परंपरा असली, तरी मराठी माध्यमातील अध्ययन-अध्यापनात ती आणि शेतीतील 'वाण' यांची वारंवार गल्लत होते. प्रस्तुत लेखात या श्रेणीचा ऐतिहासिक विकास, नामलेखनाचे नियम, उपजाती व रूप यांच्याशी तिचे नाते आणि वाणापासून तिचे वेगळेपण डग्लस फर, कोबी, तूर, कृष्णवड व ज्वारी यांच्या आधारे स्पष्ट केले आहे. प्रकार हे वर्गीकरणातील स्थान आहे, तर वाण हा मानवाने निवडून टिकविलेला समूह आहे. हा भेद न पाळल्यास वैज्ञानिक नोंदींबरोबरच कायद्यातील व्याख्याही संदिग्ध होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वर्गीकरण, श्रेणी, जाती, उपजाती, प्रकार, रूप, वाण, नामकरण संहिता, शेतकरी हक्क.

१. प्रस्तावना

वर्गीकरणशास्त्र ही वनस्पतिशास्त्राची पायाभूत शाखा होय. वनस्पतीला नाव देणे, तिचे इतर वनस्पतींशी असलेले नाते निश्चित करणे आणि त्या नात्यानुसार तिला योग्य स्थानी ठेवणे ही या शाखेची मुख्य कार्ये आहेत. कुल, प्रजाती आणि जाती या पातळ्यांची ओळख विद्यार्थ्यांना शालेय वयापासून होते. जातीच्या खाली मात्र परिस्थिती बदलते. तेथे शास्त्रीय परिभाषा आणि लोकव्यवहारातील भाषा एकमेकींत मिसळतात व त्यातून गोंधळ निर्माण होतो.

"यंदा तुरीची कोणती जात पेरली?" असा प्रश्न महाराष्ट्रातील कोणत्याही गावात ऐकू येतो. त्यातील 'जात' म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने विशिष्ट गुणांचे बियाणे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र साऱ्या तुरीची जाती एकच, ती म्हणजे कजानस कजान. कृषी विद्यापीठाच्या प्रकाशनात त्याच बियाण्याला 'वाण' म्हटले जाते. पाठ्यपुस्तकात त्याच पिकाच्या वर्णनात 'प्रकार' हा शब्द येतो. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी बहुधा 'व्हरायटी' हा एकच शब्द वापरला जातो. पदवी वर्गात हा घटक शिकविताना असे दिसून येते, की विद्यार्थी 'व्हार. कॅपिटाटा' आणि 'गोल्डन एकर' ही दोन्ही नावे एकाच पातळीवरची समजतात. हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. परिभाषा सैल वापरण्याच्या सवयीचा तो परिणाम आहे.

मराठीत या संज्ञांची व्यवस्था उपलब्ध आहे. मराठी विश्वकोशाच्या वनस्पतिविषयक नोंदींत प्रजाती, जाती आणि त्याखाली प्रकार असा क्रम वापरलेला आढळतो. प्रस्तुत लेखात हीच योजना स्वीकारली असून 'प्रकार' हा शब्द केवळ श्रेणीवाचक अर्थाने योजला आहे. लागवडीतील, निवडून टिकविलेल्या समूहासाठी 'वाण' हा शब्द वापरला आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) 'प्रकार' या श्रेणीच्या अर्थाचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
(२) या श्रेणीतील नामलेखनाचे प्रमुख नियम स्पष्ट करणे.
(३) उपजाती, प्रकार आणि रूप यांतील भेद व त्या भेदाच्या मर्यादा मांडणे.
(४) प्रकार व वाण यांतील फरक उदाहरणांसह दाखवून त्याचे शास्त्रीय व कायदेशीर महत्त्व विशद करणे.

३. श्रेणी ही संकल्पना

वर्गीकरणात दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. एक म्हणजे प्रत्यक्ष वनस्पतींचा समूह, ज्याला 'टॅक्सॉन' म्हणतात. आणि दुसरी म्हणजे त्या समूहाला दिलेली पातळी, म्हणजेच श्रेणी. वड नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडांचा समूह हा टॅक्सॉन होय. 'जाती' ही त्याची श्रेणी होय. समूह निसर्गात असतो, श्रेणी मात्र अभ्यासक ठरवितो. त्यामुळे समूहाविषयी एकमत असूनही त्याच्या श्रेणीविषयी दोन अभ्यासकांत मतभेद होऊ शकतात.

शैवाले, कवके आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती या प्रमुख श्रेणी आहेत. 'प्रकार' आणि 'रूप' यांचा समावेश दुय्यम श्रेणींत होतो व त्यांचे स्थान जातीच्या खाली आहे. उपजाती ही श्रेणी 'जाती' या संज्ञेला 'उप' हा उपसर्ग जोडून तयार होते आणि जाती व प्रकार यांच्या मध्ये येते. अशा रीतीने जाती, उपजाती, प्रकार, उपप्रकार, रूप आणि उपरूप असा उतरता क्रम सिद्ध होतो. प्रत्येक जातीत या साऱ्या पातळ्या असल्याच पाहिजेत असे मात्र नाही. बहुसंख्य जातींत यांपैकी एकही पातळी वापरलेली नसते.

येथे प्राणिशास्त्राशी तुलना उद्बोधक ठरेल. प्राण्यांच्या नामकरण संहितेत जातीच्या खाली उपजाती ही एकच श्रेणी मान्य आहे. १९६० नंतर 'प्रकार' म्हणून प्रसिद्ध केलेल्या प्राणिनामांना त्या संहितेच्या कक्षेत स्थान मिळत नाही. वनस्पतिशास्त्राने मात्र ही श्रेणी टिकवून ठेवली. स्थिर राहणारी, अधिवासानुसार चटकन भिन्न होणारी आणि अनेकदा कलम किंवा कंदाने वाढणारी वनस्पतिसृष्टी पाहता जातीच्या आतील वैविध्य नोंदविण्याची गरज वनस्पतिशास्त्रज्ञांना अधिक भासली, हे स्वाभाविक म्हणावे लागेल.

४. ऐतिहासिक विकास

कार्ल लिनियसने १७५१ मध्ये 'फिलॉसॉफिया बोटॅनिका' व १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लँटारम' हे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्याच्या मते जाती ही निर्मात्याची रचना होती, तर प्रकार हे हवामान, माती, उष्णता, वारा यांसारख्या आकस्मिक कारणांनी घडून येणारे बदल होते. माती बदलली की प्रकार पुन्हा मूळ जातीकडे वळतो, अशी त्याची धारणा होती. आकार, रंग, चव, गंध यांतील किरकोळ फरकांवरून नव्या जाती निर्माण करणाऱ्यांवर त्याचा रोष होता. तरीही 'स्पीशीज प्लँटारम'मध्ये त्याने अनेक जातींखाली ग्रीक अक्षरे देऊन प्रकारांची नोंद केली. म्हणजे आरंभी ही श्रेणी बरीचशी जातिसंख्या आटोक्यात ठेवण्याचे साधन होती.

पुढील शतकात ही दृष्टी बदलली. अनेक प्रकार बीजातून पिढ्यान्पिढ्या तसेच उतरतात, हे बागाईतदारांना आणि अभ्यासकांना ठाऊक होते. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात चार्ल्स डार्विनने ठळक प्रकारांना होऊ घातलेल्या जाती मानले. जाती आणि प्रकार यांच्यात कायमची भिंत नसून अंशात्मक फरक आहे, हा विचार त्यामुळे रुजला. लिनियसला जे विचलन वाटले, तेच डार्विनच्या मांडणीत उत्क्रांतीचे पहिले पाऊल ठरले.

नामकरणाला नियमांची चौकट १८६७ मध्ये मिळाली. पॅरिस येथील परिषदेसाठी आल्फोन्स द कांदोल यांनी तयार केलेल्या नियमावलीत जातीखालील श्रेणींचा क्रम निश्चित करण्यात आला. आजच्या संहितेची मुळे या नियमावलीत आहेत.

विसाव्या शतकात जातीखालील वैविध्याला प्रयोगाचा आधार मिळाला. स्वीडनमधील ग्योते तुरेसन यांनी निरनिराळ्या अधिवासांतील एकाच जातीच्या वनस्पती एकाच बागेत वाढवून पाहिल्या. काही फरक नव्या जागी नाहीसे झाले, तर काही कायम राहिले. कायम राहणारे फरक आनुवंशिक होते. अशा अधिवासनिष्ठ समूहांसाठी तुरेसन यांनी १९२२ मध्ये 'इकोटाइप' ही संज्ञा मांडली. पुढे कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक व हायसी यांनी सुमारे ३०, १४०० आणि ३०५० मीटर उंचीवरील तीन प्रयोगक्षेत्रांत एकाच वनस्पतीचे तुकडे लावून हा विचार अधिक पक्का केला. त्यांचा पहिला विस्तृत अहवाल १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रयोगांचा वर्गीकरणासाठी निघणारा निष्कर्ष साधा आहे. सावलीत पाने रुंद होणे किंवा निकस जमिनीत झाड खुजे राहणे, एवढ्यावरून वनस्पतीला प्रकाराचा दर्जा देता येत नाही. फरक आनुवंशिक असला पाहिजे. लिनियसने ज्या परिस्थितिजन्य बदलांना प्रकार म्हटले होते, नेमके तेच आजच्या व्याख्येतून वगळले जातात.

५. प्रकाराचे नामलेखन

जातीचे नाव द्विपदी असते. प्रकाराचे नाव त्रिपदी असून जातीचे नाव व प्रकाराचे विशेषण यांच्यामध्ये श्रेणीदर्शक संज्ञा लिहावी लागते. लॅटिन 'व्हारायटास' या शब्दाचे 'व्हार.' हे संक्षिप्त रूप त्यासाठी रूढ आहे. उदाहरणार्थ, फुलकोबीचे नाव ब्रासिका ओलेरॅशिया व्हार. बॉट्रिटिस असे लिहिले जाते. मधली संज्ञा गाळल्यास ते नाव उपजातीचे, प्रकाराचे की रूपाचे, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

यासंबंधीचे तीन नियम विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत.

पहिला नियम स्वयंनामाचा. एखाद्या जातीत नवा प्रकार वैधरीत्या प्रसिद्ध झाला, की जातीचा मूळ प्ररूप नमुना ज्या भागात येतो त्या भागासाठी आपोआप एक नाव तयार होते. त्यात जातीचेच विशेषण पुन्हा येते व त्यापुढे कर्त्याचे नाव लिहिले जात नाही. वडात कृष्णवड हा प्रकार मानला, की उरलेला नेहमीचा वड फायकस बेंघालेन्सिस व्हार. बेंघालेन्सिस ठरतो. याचा अर्थ असा, की 'मूळ जाती' आणि 'तिच्यापासून निघालेला प्रकार' अशी उतरंड येथे अभिप्रेत नाही. एक जाती दोन समान पातळीच्या भागांत विभागली जाते. मूळ प्रकार 'खरा' आणि दुसरा 'गौण', हा समज चुकीचा आहे.

दुसरा नियम अग्रक्रमाचा. नावाचा अग्रक्रम त्याच्या श्रेणीपुरता मर्यादित असतो. प्रकाराला पुढे जातीचा दर्जा दिल्यास त्याचे जुने विशेषण नव्या श्रेणीत वापरलेच पाहिजे असे बंधन नसते.

तिसरा नियम प्ररूपाचा. १ जानेवारी १९५८ पासून नव्या प्रकाराच्या नावासाठी प्ररूप नमुना निर्दिष्ट करणे आवश्यक आहे. हा नमुना वनस्पतिसंग्रहात जतन केलेला असतो व नावाचा अर्थ त्याच्याशी कायमचा बांधला जातो. २०१२ पासून वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीतही देता येते. २०२४ च्या माद्रिद येथील परिषदेनंतर २०२५ मध्ये संहितेची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली असून वरील मूलतत्त्वे तीत कायम आहेत.

येथे एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. संहिता नाव कसे द्यावे हे सांगते. कोणत्या समूहाला प्रकार म्हणावे हे सांगत नाही. तो निर्णय अभ्यासकाच्या विवेकावर सोपविलेला आहे.

६. उपजाती, प्रकार आणि रूप

हा विवेक कसा वापरावा याचे मार्गदर्शन एइनार दू रिएट्झ यांनी १९३० मध्ये केले. त्यांच्या मांडणीनुसार उपजाती म्हणजे जातीच्या विस्तृत प्रदेशातील, बऱ्यापैकी स्पष्ट वेगळेपणा असलेला प्रादेशिक समूह. प्रकार म्हणजे त्याहून मर्यादित क्षेत्रातील स्थानिक समूह. आणि रूप म्हणजे स्वतंत्र क्षेत्र नसलेले, इतर वनस्पतींत अधूनमधून विखुरलेले एखादे वेगळेपण. जांभळ्या फुलांच्या झाडांच्या दाटीत मधूनच पांढऱ्या फुलांचे झाड आढळले, तर ते फार तर रूप ठरेल.

ही मांडणी सुबोध असली तरी व्यवहारात ती सर्वत्र पाळली गेली नाही. काही देशांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रादेशिक समूहांसाठी उपजाती ही श्रेणी पसंत केली, तर काहींनी तशाच समूहांना प्रकार म्हटले. १९९२ मध्ये 'टॅक्सॉन' या नियतकालिकात हॅमिल्टन व रायकार्ड यांनी या श्रेणींच्या प्रत्यक्ष वापराचा आढावा घेतला. विशिष्ट श्रेणी का निवडली, याचे कारण बहुतेक लेखक देत नाहीत, ही बाब त्यातून पुढे आली.

तरीही प्रकार मानण्यासाठी किमान तीन कसोट्या सामान्यतः उपयोगी पडतात : फरक आनुवंशिक असावा, तो एकाच लक्षणापुरता नसून परस्परांसोबत येणाऱ्या काही लक्षणांचा असावा, आणि त्या समूहाला भौगोलिक किंवा अधिवासविषयक आधार असावा. त्याच वेळी समूहांमधील प्रजनन पूर्णतः खंडित झालेले नसावे, अन्यथा स्वतंत्र जातीचा विचार करावा लागेल.

७. उदाहरणांचे विवेचन

(अ) डग्लस फर : या कसोट्या स्पष्टपणे लागू पडणारे उदाहरण उत्तर अमेरिकेतील आहे. स्यूडोत्सुगा मेन्झिएसी या सूचिपर्णी वृक्षाचे दोन प्रकार सर्वमान्य आहेत. पॅसिफिक किनाऱ्यालगतचा प्रकार मेन्झिएसी वेगाने वाढतो व प्रचंड उंची गाठतो. रॉकी पर्वतातील प्रकार ग्लॉका सावकाश वाढतो, कडक थंडी अधिक सोसतो, त्याची पाने निळसर झाक असलेली व शंकू आकाराने लहान असतात. शंकूची छदे बाहेर वळलेली असतात. अनेक लक्षणे एकत्र येतात, ती बीजातून उतरतात आणि त्यांना भूगोलाचा आधार आहे. वनीकरणासाठी बी कोणत्या प्रकाराचे आहे हे माहीत नसेल, तर लागवड फसू शकते. श्रेणीचे नाव येथे वनस्पतीविषयी उपयुक्त माहिती देते.

(आ) कोबीवर्गीय भाज्या : कोबी, फुलकोबी आणि नवलकोल या एकाच जातीच्या भाज्या होत. कॅपिटाटा, बॉट्रिटिस व गाँगिलोडिस ही त्यांची प्रकारदर्शक विशेषणे लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथातील आहेत. कोबीत पानांचा गड्डा, फुलकोबीत फुलोऱ्याचा गड्डा आणि नवलकोलात खोडाचा गोळा वाढलेला असतो. हे फरक आनुवंशिक व ठळक आहेत. परंतु त्यांना नैसर्गिक भौगोलिक क्षेत्र नाही. माणसाने निवडीद्वारे ते घडविले व तोच ते टिकवितो. म्हणूनच लागवडीतील वनस्पतींच्या नामकरणात यांना 'कॅपिटाटा गट', 'बॉट्रिटिस गट' असे संबोधण्याची पद्धत पुढे आली. प्रकारदर्शक जुनी नावे अवैध ठरत नाहीत; मात्र डग्लस फरमधील प्रकार आणि कोबीतील प्रकार यांचा जीवशास्त्रीय अर्थ एक नाही, याची जाणीव ठेवावी लागते. 'गोल्डन एकर' हा तर या कॅपिटाटा गटातील एक वाण, म्हणजे आणखी खालचा व वेगळ्या व्यवस्थेतला घटक होय.

(इ) तूर : आल्फोन्स यांचे वडील ऑग्युस्तीन पिराम द कांदोल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तुरीच्या दोन जाती मानल्या होत्या, फ्लेव्हस आणि बायकलर. पुढे त्यांना एकाच जातीचे दोन प्रकार समजण्यात आले आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ते तसेच आले. फ्लेव्हस म्हणजे लवकर येणारी, ठेंगणी, पिवळ्या फुलांची व हिरव्या शेंगांची, द्वीपकल्पातील 'तूर'. बायकलर म्हणजे उशिरा येणारी, उंच, जांभळट रेषांच्या फुलांची व गडद पट्ट्यांच्या शेंगांची, उत्तरेकडील 'अरहर', असे त्यांचे वर्णन केले जाते. तथापि, तुरीत कीटकांमुळे परपरागीभवन होते व फुलांचा रंग मोजक्या जनुकांवर अवलंबून असतो. त्यामुळे ही लक्षणे एकमेकांपासून सुटी होऊन नव्या जुळण्या सहज तयार होतात. लवकर येणारे परंतु रेषायुक्त फुलांचे झाड कोठे ठेवावे, या प्रश्नाला या विभागणीत उत्तर नाही. म्हणजे जाती, मग प्रकार आणि मग केवळ वैविध्याची दोन टोके, असा या नावांचा प्रवास झाला. बदनापूर येथील संशोधन केंद्राने दिलेला 'बीएसएमआर ७३६' हा मर व वांझ या रोगांना प्रतिकारक वाण ओळखण्यासाठी फ्लेव्हस किंवा बायकलर या नावांची गरज भासत नाही.

(ई) कृष्णवड : ज्याची पाने देठाकडे द्रोणासारखी वळलेली असतात असा हा वड अनेक उद्यानांत व मंदिरपरिसरांत लावलेला दिसतो. श्रीकृष्ण त्या द्रोणात लोणी ठेवीत असे, अशी लोकश्रद्धा आहे. आल्फोन्स यांचे पुत्र काझिमिर द कांदोल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या झाडाचे वर्णन स्वतंत्र जाती म्हणून केले. नंतर उंबर-वड प्रजातीचे गाढे अभ्यासक कॉर्नर यांनी त्याला वडाच्या एका प्रकाराचा, व्हार. कृष्णी, दर्जा दिला. हे झाड प्रामुख्याने लागवडीत आढळते व कलमाने वाढविले जाते. त्यामुळे त्याला वाण मानणारेही आहेत. गुणसूत्रीय व जनुकीय पुराव्यांच्या आधारे ते पुन्हा स्वतंत्र जाती असावे, असा विचार अलीकडे मांडला गेला आहे. झाड तेच आहे. उपलब्ध पुराव्यांच्या अर्थनिर्णयानुसार त्याचे स्थान बदलते. श्रेणी हे अभ्यासकाचे अनुमान असते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

(उ) ज्वारी : लागवडीतील वैविध्यावर औपचारिक श्रेणी लादल्यास काय होते, हे ज्वारीच्या इतिहासात दिसते. स्नोडेन यांनी १९३६ मध्ये लागवडीतील ज्वारीच्या ३१ जाती मानल्या व त्याखाली असंख्य प्रकार आणि रूपे नोंदविली. मेहनत अफाट होती. परंतु या 'जाती' एकमेकींशी सहज संकरित होत होत्या. १९७२ मध्ये हार्लन आणि द वेट यांनी हा सारा पसारा सॉर्घम बायकलर या एका जातीत आणून बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर व दुर्रा असे पाच मूलभूत वंश आणि त्यांच्या दहा मिश्रजुळण्या अशी सुटसुटीत योजना दिली. हे वंश त्यांनी औपचारिक श्रेणींच्या बाहेर ठेवले. सोलापूर भागातील मालदांडी ज्वारी दुर्रा वंशात मोडते आणि स्थानिक मालदांडीतून मोहोळ येथे निवडलेला 'एम ३५-१' हा त्यातील वाण होय. जाती, वंश, स्थानिक बियाणे आणि वाण अशा चार निरनिराळ्या पातळ्या एका भाकरीमागे उभ्या आहेत आणि त्यांत 'प्रकार' या श्रेणीची आवश्यकता पडत नाही.

८. वाण : दुसरी संहिता आणि कायदा

लागवडीतील वनस्पतींसाठी स्वतंत्र संज्ञा असावी, या गरजेतून लिबर्टी हाइड बेली यांनी १९२३ मध्ये 'कल्टिव्हार' हा शब्द रूढ केला. १९५३ मध्ये लागवडीतील वनस्पतींची पहिली स्वतंत्र नामकरण संहिता प्रसिद्ध झाली. या संहितेनुसार वाण म्हणजे विशिष्ट गुणांसाठी निवडलेला, त्या गुणांत वेगळा, एकसारखा व स्थिर असलेला आणि योग्य पद्धतीने अभिवृद्धी केल्यास ते गुण राखणारा समूह. त्याचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात व १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन नाव देता येत नाही. नाव पाहताच दोहोंतील फरक कळावा, अशी ही योजना आहे.

भारतीय कायद्यात या संकल्पनेला वेगळे परिमाण मिळते. बियाणे अधिनियम, १९६६ मध्ये वाढ, उत्पादन, झाड, फळ, बी यांसारख्या लक्षणांवरून ओळखता येणारा पिकाचा उपविभाग म्हणजे वाण, अशा आशयाची व्याख्या आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ ची व्याख्या अधिक काटेकोर आहे. तिच्यानुसार वाण हा ज्ञात असलेल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या एकाच वनस्पतिशास्त्रीय टॅक्सॉनमधील असा वनस्पतिसमूह असतो, की जो विशिष्ट जनुकरचनेतून प्रकट होणाऱ्या लक्षणांनी निश्चित करता येतो, किमान एका लक्षणाने इतरांपासून वेगळा ओळखता येतो आणि अभिवृद्धीनंतरही अपरिवर्तित राहतो.

या व्याख्येतील रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. 'सर्वांत खालची श्रेणी' हे वनस्पतिशास्त्रीय कोंदण आहे. ती उपजाती असेल, प्रकार असेल किंवा केवळ जातीही असेल. वाण त्या कोंदणाच्या आत बसतो. म्हणजे कायदा स्वतःच श्रेणी आणि वाण यांना वेगळे मानतो. मराठीत दोहोंसाठी एकच शब्द वापरला, तर 'प्रकार म्हणजे एका प्रकारातील समूह' अशी चक्राकार व्याख्या तयार होते आणि तिचा अर्थ लावणे अशक्य होते.

हा प्रश्न शेतकऱ्याच्या हक्काशीही निगडित आहे. या अधिनियमात 'शेतकऱ्यांचा वाण' ही संकल्पना मान्य केलेली आहे. शेतकऱ्यांनी आपल्या शेतात परंपरेने जोपासलेल्या व विकसित केलेल्या वाणांबरोबरच, ज्यांविषयी शेतकऱ्यांना सामाईक ज्ञान आहे असे पिकांचे रानटी नातलग आणि स्थानिक बियाणे यांचाही तीत समावेश होतो. कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व विकण्याचा हक्क आहे. नाममुद्रांकित बियाणे म्हणून विक्री मात्र करता येत नाही. एखाद्या स्थानिक बियाण्याला वनस्पतिशास्त्रात प्रकाराचा दर्जा नाही म्हणून ते नोंदणीस अपात्र, असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक आहे. नोंदणीसाठी श्रेणी लागत नाही. ओळखता येणारे वेगळेपण व स्थिरता लागते. उलटपक्षी, एखाद्या वाणाची कायद्याने नोंद झाली म्हणून तो वनस्पतिशास्त्रातील नवा प्रकार ठरत नाही.

संवर्धनाच्या क्षेत्रात हाच भेद दुसऱ्या बाजूने महत्त्वाचा ठरतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत वनस्पतींच्या बाबतीत प्रकाराच्या पातळीवरही मूल्यमापन करता येते. रानातील एखाद्या मर्यादित क्षेत्रातील समूहाला योग्य पुराव्यानिशी प्रकाराचा दर्जा मिळाला, तर त्याच्या धोक्याची स्वतंत्र नोंद होऊ शकते. पुराव्याविना दिलेला दर्जा मात्र या यादीचा उपयोग कमी करतो.

९. निष्कर्ष आणि सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) 'प्रकार' ही जातीखालील दुय्यम श्रेणी असून ती वनस्पतिसमूहाचे वर्गीकरणातील स्थान दर्शविते. ती गुणवत्तेचे, उत्पादनक्षमतेचे किंवा मालकीचे निदर्शक नाही.

(२) लिनियसच्या काळातील परिस्थितिजन्य बदल ते आजचा आनुवंशिक व भौगोलिक आधार असलेला समूह, असा या संकल्पनेचा अर्थ पालटला आहे. जुन्या ग्रंथांतील प्रकारांची नावे वाचताना हे भान आवश्यक आहे.

(३) उपजाती व प्रकार यांतील सीमारेषा सर्वमान्य नाही. म्हणून नव्या प्रकाराचे वर्णन करणाऱ्याने श्रेणी निवडण्याचे कारण स्पष्टपणे नोंदविणे इष्ट आहे.

(४) लागवडीतील पिकांच्या बाबतीत गट, वंश व वाण या संज्ञा प्रकारापेक्षा अधिक उपयुक्त ठरतात.

अध्यापनाच्या दृष्टीने दोन सूचना कराव्याशा वाटतात. मराठी पाठ्यपुस्तकांत व प्रश्नपत्रिकांत श्रेणीसाठी 'प्रकार' आणि लागवडीतील समूहासाठी 'वाण' हे शब्द सातत्याने वापरले जावेत. तसेच प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना परिसरातील पाच स्थानिक बियाणी गोळा करून प्रत्येकाची जाती, गट किंवा वंश आणि वाण स्वतंत्र रकान्यांत लिहावयास सांगावे. शेतकऱ्याने सांगितलेले नावही त्या नोंदीत असावे. मालदांडी किंवा आंबेमोहोर ही नावे कोणत्याही नामकरण संहितेच्या आधीपासून वापरात आहेत आणि ती धारण करणाऱ्या बियाण्याची ओळख शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जपली आहे. अशी नोंद केल्यास या नावांना योग्य स्थान मिळेल आणि वर्गीकरणाची परिभाषाही शुद्ध राहील.